एका दमाचं काम

साचा परत आल्याचं कळलं तेव्हा धाकटा जेवत होता. डबा तसाच उघडा टाकून तो खाली उतरला, कारण थोरल्या भावाच्या हयातीत या कारखान्यातून गेलेला एकही नग परत आला नव्हता. भर दुपार होती. पत्र्यावर ऊन तडतडत होतं, बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं, आणि धुलाईचं काम करणारा पैलवान साच्याशेजारी तोंड पाडून उभा होता. पैलवान हे नुसतं नावाला बरं का, जोराचा वारा आला तर याला धरून ठेवावं लागेल असा तो गडी.

"धाकटे मालक, आईशप्पथ, मी हात नाही लावला," तो आधीच म्हणाला.

धाकट्याने वाकून बघितलं. साच्याच्या करड्या पृष्ठभागावर फिकट रंगाचा एक हात उमटला होता. सबंध पंजा, बोटं पसरलेली, तळव्याच्या रेघा मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ.

"तू नाही, मी नाही. मग काय साच्यालाच हात फुटला?"

"हातमोजे काढतच नाही हो मी. रात्री झोपतानासुद्धा बायको म्हणते, आता तरी काढा."

एरवी धाकटा हसला असता.

आता हे एवढं का मनाला लावून घ्यायचं, असं तुम्ही म्हणाल. तर कामाचं थोडं सांगतो, कंटाळू नका. पोलादाची कातडी टणक करायची आणि आतलं मांस चिवटच ठेवायचं, हा या लोकांचा धंदा. नुसत्या टणक पोलादाला तडा जातो, नुसतं मऊ झिजतं, म्हणून वरून एक आणि आतून एक. त्यासाठी नायट्रोजनला विजेने पेटवून त्याचा फवारा तापलेल्या पोलादावर धरतात. त्या पेटलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. नायट्रोजन हळूहळू आत मुरतो आणि वरचा पातळसा थर असा होतो की कानस त्याच्यावरून घसरते. पण काम सोवळ्यातलं. उघडं बोट टेकलं तरी त्याचं तेल आड येतं, नायट्रोजन तिथे आत शिरत नाही आणि तेवढी जागा मऊ राहते. तेव्हा परत आलेल्या साच्यावरचा हात म्हणजे कुणाचा तरी निष्काळजीपणा, दुसरं काय!

धाकट्याने टणकपणा मोजायचं हिऱ्याचं टोक लावून बघितलं. तपासणी त्याच्याकडेच असायची, आणि पाठवताना हा हात दिसला नव्हता. हाताच्या बाहेर पोलाद जसं हवं तसं कडक होतं. हाताच्या आत मात्र टोक असं रुतलं की जणू त्या भागाला ज्योत कधी दिसलीच नव्हती. तेलाने एवढा फरक पडत नाही. एवढा फरक पडायला हात तिथे सगळा वेळ टेकलेला असावा लागतो, ज्योत चालू असताना, लाल होत आलेल्या पोलादावर.

मग त्याचं लक्ष बोटांकडे गेलं. अनामिका अर्धीच होती.

थोरल्याची अर्धी अनामिका तरुणपणी प्रेसमध्ये गेली होती. आणि थोरल्याला जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

थोरला गेला त्याच पेटीत, जिच्यात हा साचा टणक झाला होता. पेटी म्हणजे एक खोलीच, माणूस उभा राहून फिरेल एवढी, एका बाजूला जाड काच, आत छताला टांगलेली नळी आणि नळीच्या तोंडाला ज्योत. बाकीचे कारखाने हेच काम निर्वात भट्टीत करतात. आतली हवा पंपाने ओढून घेतात, आणि मग बाहेरच्या हवेचा दाब ते दार असं धरून ठेवतो की हत्ती लावला तरी उघडायचं नाही. थोरल्याने डोकं चालवून हे काम साध्या हवेच्या दाबात आणलं. पंप नको, जाड भिंती नकोत, मोटारीएवढा साचा असला तरी चालेल. पेटीत नुसता नायट्रोजन भरायचा. त्याला केवढा अभिमान होता या गोष्टीचा! येईल त्याला दाखवायचा, "बघा, आमचं दार करंगळीने उघडतं."

उघडायचं, हेच तर वाईट झालं. साचा जरा हलवायचा असला, ज्योतीचा रंग जवळून बघायचा असला, की थोरला पेटी रिकामी व्हायची वाट बघायचा नाही. छाती भरून दम घ्यायचा, आत जायचा, काम उरकायचा आणि बाहेर येऊन फुस्सकन सोडायचा. याला तो "एका दमाचं काम" म्हणायचा. धाकट्यालाही त्यानेच शिकवलं. नायट्रोजनला ना वास, ना चव. आत श्वास घेतला तर ठसका लागत नाही, घुसमटत नाही, नेहमीच्या हवेसारखीच हवा वाटते, आणि दुसऱ्या श्वासाला माणूस खाली. त्या दिवशी आत काय झालं कुणास ठाऊक. बहुतेक हातातला पाना पडला आणि तो सवयीने "अरे च्या" म्हणाला. बोलायला दम सोडावा लागतो, आणि सोडला की घ्यावा लागतो.

वहिनीने त्याला काचेतून पाहिलं होतं. तोंडावर हसू होतं, म्हणे.

त्यानंतर दाराला कुलूप बसलं. आतल्या हवेत पुरेसा प्राणवायू आहे असं मीटर सांगेपर्यंत ते उघडायचं नाही. कारखाना विकून टाकावा असं धाकट्याच्या फार मनात होतं, पण वहिनी हट्टाला पेटली. ज्योत साच्यावरून कशी फिरवायची त्याचा सगळा प्रोग्रॅम ती आधीपासून लिहायचीच. ती म्हणाली, "भावजी, त्यांचं हे एकच काय ते राहिलंय." एकच कसं? वरच्या मजल्यावर शाळेतून आलेली चिमी दप्तर फेकून आईला हाका मारत असायची. धाकट्याला हे तोंडावर बोलायचा धीर झाला नाही.

तर साच्यावरचा तो हात धाकट्याने वहिनीच्या नजरेला पडू नये म्हणून फडक्याने झाकला. पण ती आलीच. फडकं उचललं, बघत राहिली. रडेल, ओरडेल, किंचाळेल, असं वाटून धाकटा पुढे झाला. तिने आपला उजवा हात त्या पंज्यावर ठेवला, बोटावर बोट, आणि अनामिकेशी येऊन ती थांबली.

"वहिनी, कुणाचा तरी…"

"कुणाचा तरी कशाला? मला ओळखू येत नाही होय?"

आणि तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, त्याने धाकट्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

त्यापुढच्या प्रत्येक नगावर हात येऊ लागला. पैलवानाने साचे दोनदा धुतले, तीनदा धुतले, शेवटी धाकटा स्वतः धूत बसला. नळी बदलली, सिलिंडर बदलले. हात येतच राहिला. ज्योत पेटली की पूर्वी सुईच्या टोकासारखी बारीक शीळ ऐकू यायची, आता त्या शिळेखाली दुसरं काहीतरी असायचं, कुणी बंद खोलीत एकटंच पुटपुटावं तसं. पेटीतून नेहमी जरासा अमोनियाचा वास यायचा. आता त्यात थोरल्याच्या शर्टाचा वास मिसळलेला असायचा, घामाचा आणि तंबाखूचा. पैलवान एक दिवस म्हणाला, "धाकटे मालक, मी सकाळचाच येत जाईन. ऊन असतं तोवर." त्याला कोण काय बोलणार?

वहिनी मात्र बदलली. वर्षभर घुमी असायची, ती गुणगुणायला लागली. केस नीट विंचरू लागली. कामाच्या वेळेआधी येऊन काचेशी खुर्ची टाकून बसायची, आणि चिमी वरून हाका मारून दमली तरी उठायची नाही. चिमीचं जेवण, गृहपाठ, वेणी, सगळं धाकट्याकडे आलं. वेणी त्याला धड येईना. पोर म्हणायची, "काका, सुतळी वळतोयस का?" आणि मग हळूच विचारायची, "आई माझ्यावर रागावलीये का रे?"

एकदा चहा पिता पिता वहिनी म्हणाली, "तुमच्या लक्षात आलं का, भावजी? पहिला हात सपाट होता. मग बोटं थोडी वळली. कालच्या साच्यावर तर…" तिने स्वतःचा हात पुढे करून दाखवलं. चार बोटं आत वळलेली. कुणाला जवळ बोलावताना वळतात तशी.

"वहिनी, पाया पडतो. हे इथेच थांबवू. चिमीचा तरी विचार करा. एक गेलं घरातलं."

"गेलं कुठे?" ती म्हणाली. "आहेत की."

धाकटा त्या रात्री घटकाभरही झोपला नाही. त्याला भुताची भीती होतीच, नव्हती असं म्हणणार नाही. पण त्याहून मोठी भीती ही, की आज ना उद्या ही बाई दार उघडून आत जाईल आणि त्या पोरीला आईही राहणार नाही. सकाळी त्याने ठरवलं, सिलिंडरवाल्याला बोलावून सगळा नायट्रोजन परत न्यायला लावायचा. पेटी उद्याच तोडायची. वहिनीने पुन्हा आपलं तोंड बघितलं नाही तरी चालेल. सिलिंडरवाल्याकडे जाऊन तो दुपारी परत आला, तेव्हा कारखान्यात प्राणवायूचं मीटर केकाटत होतं.

पैलवान कोपऱ्यात उभा होता, पांढराफटक. त्याने नुसतं काचेकडे बोट केलं.

वहिनी पेटीत होती.

कुलूप ज्या पॅनेलचं ऐकायचं, ते पॅनेल वहिनीचं ऐकायचं. ही साधी गोष्ट धाकट्याच्या ध्यानातच आली नव्हती. आत ज्योत चालू होती. तिच्या हिरवट पिवळ्या उजेडात वहिनी साच्याशेजारी उभी होती आणि बोलत होती. ओठ हलत होते. मध्येच ती हसली, कुणी जुनी थट्टा करावी आणि लाजून हसू यावं तशी.

"कधीपासून?" धाकट्याने विचारलं.

"मीटर मघापासून… मी पाणी प्यायला गेलो होतो… धाकटे मालक, त्या पडत का नाहीत?"

पडत नव्हती. दोन श्वासांत माणूस आडवा होतो आणि ही श्वास घेत होती, छाती वरखाली होताना दिसत होती, बोलत होती, हसत होती. ज्योतीचा उजेड तिच्या सबंध अंगावर पडला होता, फक्त डाव्या खांद्यावर नव्हता. तिथे एक काळोखी जागा होती. चार बोटं, त्यातलं एक आखूड.

वरून चिमीची हाक आली, "आईऽऽ, भूक लागलीये!" आणि धाकट्याने छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली, पैलवानाला ये म्हणाला नाही की थांब म्हणाला नाही, दार ढकललं. दार करंगळीने उघडावं तसं उघडलं.

आत मीटरचा आवाज ऐकू येत नव्हता. शीळही नव्हती. तापलेल्या पोलादाची धग यायला हवी होती, तिथे थंडी होती, पाण्याच्या टाकीत उतरावं तशी. त्याने वहिनीचा दंड धरला आणि ओढला. ती हलली नाही. एरवी वाऱ्याने डोलावी अशी बाई, आणि आता तिला ओढणं म्हणजे ओतीव लोखंडाचा ठोकळा सरकवणं. तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, ओळखही नव्हती.

त्याने पाय रोवले, पुन्हा ओढलं. छाती फुटायला आली. आणि मग कानाशी, अगदी कानाशी, तंबाखूचा वास आला.

"घे की श्वास."

लहानपणी विहिरीत पोहायला शिकवताना थोरला असाच बोलायचा, मायेने.

"घे रे… काही होत नाही. मी आहे ना."

काय सांगू तुम्हाला, त्याचं तोंड उघडायला लागलं होतं. दम संपला होता, डोळ्यांपुढे काजवे होते, आणि आवाज इतका आपला, इतका घरचा होता की नाही म्हणणं वाईट वाटावं. त्याने जीभ दातांखाली धरली आणि चावली. रक्ताची चव आली. त्या कळीसरशी त्याने सगळं अंग मागे झोकलं. खांद्यावरची ती काळोखी जागा विरून गेल्यासारखी झाली, आणि दोघं दारातून बाहेर पैलवानाच्या पायांवर कोसळली. पैलवानाने दार लोटलं आणि नळीच्या बटणाचा खटका असा दाबला की तो मोडून हातात आला.

वहिनी डोळे मिटून पडली होती. चेहरा राखाडी. मग तिने श्वास घेतला, एक, दुसरा. धाकटा ढसाढसा रडला. लाज वाटली नाही त्याला.

दवाखान्यात डॉक्टर तपासून चक्रावले. एवढा वेळ आत होती हे त्यांना पटेना. "तुमचं काहीतरी घड्याळ चुकलंय," म्हणाले. नाडी छान, डोळे छान, बोलणं शुद्धीवरचं. खांदा दुखतो का म्हणून विचारलं तर नाही म्हणाली. आपण आत कधी गेलो तेच आठवत नव्हतं तिला. थोरल्याचं नाव काढलं तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांत पूर्वीचं, साधं दुःख आलं, आणि ती म्हणाली, "पेटी तोडून टाका भावजी. मला चिमीकडे बघायचंय." धाकट्याने मनोमन हात जोडले. संकट टळलं होतं. पैलवानाला फोन लावून त्याने तिथल्या तिथे सांगितलं, घण घे आणि काचेपासून सुरुवात कर.

सकाळी नर्स रक्त घ्यायला आली. खिडकीतून कोवळं ऊन खाटेवर पडलं होतं. नर्स बडबडी होती, "घाबरायचं नाही हं, मुंगी चावल्यासारखं वाटेल," असं म्हणत तिने सुई लावली. मग सुई बाजूला ठेवून दुसरी काढली. मग तिसरी.

"आजकाल काय माल येतो बघा," ती पुटपुटली. "वाकतायत सगळ्या."

धाकट्याने ट्रेमधली एक सुई उचलली. टोक आडवं झालं होतं, दगडावर आपटल्यासारखं. त्याने वहिनीच्या दंडाकडे पाहिलं. ओरखडासुद्धा नव्हता. उन्हात त्या कातडीवर एक करडी झाक होती. ती त्याच्या रोजच्या पाहण्यातली होती. त्याच्या मनात पहिला विचार आला तो तपासणीवाल्याचा होता, आणि त्या विचाराची त्याला आयुष्यभर किळस वाटत राहिली. नायट्रोजन किती आत मुरला असेल?

"दुसरा हात बघू," नर्स म्हणाली.

तेवढ्यात दार ढकलून चिमी आली. पैलवानाच्या बायकोने तिला आणलं होतं. पोरीने कुणाकडे बघितलंच नाही, धावत येऊन खाटेवर चढली आणि आईच्या गळ्यात पडली. वहिनीने तिला दोन्ही हातांनी जवळ घेतलं. केवढं बरं वाटलं ते बघून! वर्षभरात आईने तिला असं पोटाशी धरलं नव्हतं. वहिनी तिच्या केसांवर गाल टेकवून डोळे मिटून बसली होती.

"आई," चिमी थोड्या वेळाने म्हणाली. "आई, लागतंय मला."

वहिनी तशीच बसून होती.

"आई, सोड ना… लागतंय…" पोरीचा आवाज रडवेला झाला. धाकटा पुढे धावला. त्याने वहिनीची बोटं चिमीच्या पाठीवरून सोडवायला घेतली. ती गार होती आणि जागची हलत नव्हती. एकेक बोट त्याला जोर लावून उचलावं लागलं. चिमी सुटली, हुंदके देत भिंतीशी जाऊन उभी राहिली. तिच्या फ्रॉकवर पाठीला बोटांच्या जागी खळगे पडले होते.

वहिनीने डोळे उघडले. आधी चिमीकडे पाहिलं, मग आपल्या रिकाम्या हातांकडे.

"भावजी," ती अगदी हळू म्हणाली, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून. "मी हिला धरलं होतं का हो?"